तंबाखूच्या नियमांवर लोकांचं मत कसं मोजायचं: पहिल्यांदा पाहणी करणाऱ्यांसाठी

‘तंबाखूवर बंदी यावी का?’ असं गावात कुणालाही विचारा, बहुतेक जण ‘यायलाच पाहिजे’ म्हणतील. त्यात नुकताच बार भरलेलेही असतील. अशा उत्तरांची बेरीज करून मोठ्या पाठिंब्याचा मथळा सहज तयार होतो. पण तो घेऊन तुम्ही तहसीलदारांकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे गेलात तर पहिला प्रश्न येईल: पाठिंबा नेमका कशाला? दंड वाढवायला, टपरी हलवायला की पुडीची किंमत वाढवायला?

तंबाखू वाईट आहे हे लोकांना सांगावं लागत नाही. ‘ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे’, म्हणजे ‘गॅट्स’ची दुसरी फेरी भारतात २०१६-१७ मध्ये झाली. खायच्या-लावायच्या तंबाखूने गंभीर आजार होतात असं मानणारे प्रौढ त्यात ९५.६ टक्के निघाले, आणि तोच तंबाखू वापरणारे २१.४ टक्के. धोका ठाऊक असूनही माणूस वापरत राहतो. तसाच तो एखाद्या नियमाच्या विरोधातही असू शकतो, आणि त्यामागे त्याची कारणं असतात. ती कारणं ज्या पाहणीत उमटत नाहीत, तिने लोकांचं मत मोजलेलं नाही. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यातला बराच भाग एकाच गोष्टीचा आहे: समोरच्याला न घाबरता, न लाजता ‘मला हा नियम पटत नाही’ म्हणता यावं, अशी पाहणी कशी रचायची.

राष्ट्रीय सेवा योजनेचा गट, समाजकार्याचे विद्यार्थी किंवा तालुक्यात काम करणारी छोटी संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

१. एकच नियम निवडा, फार तर दोन

आधी नियम काय आहेत ते स्वतः नीट वाचा. देशभरासाठी २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे, त्यालाच सगळे ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र ३० किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, ३० किंवा जास्त आसनांची उपाहारगृहं आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. कलम ५ जाहिरातींबद्दल आहे. कलम ६ नुसार १८ वर्षांखालच्यांना विक्री करता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आतही विकता येत नाही. कलम ७ पाकिटावरच्या इशाऱ्याचं. १ एप्रिल २०१६ पासून चित्रमय इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असावा लागतो.

महाराष्ट्रात याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत. जुलै २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तिचा आदेश वर्षावर्षाने नव्याने काढला जातो, आणि पुढे सुगंधी तंबाखूही तिच्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि विडी विकायला मनाई केली. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

या सगळ्यांवर एकाच प्रश्नावलीत मत विचारायचा मोह होतो. तो टाळा. उभ्या उभ्या बोलणारा माणूस काही प्रश्नांनंतर कंटाळतो आणि मग पुढच्या प्रत्येक नियमाला ‘हो’ म्हणत सुटतो. आपण उदाहरणासाठी सुट्या सिगारेटीच्या विक्रीबंदीचा नियम घेऊ. तो मला मुद्दाम निवडण्यासारखा वाटतो, कारण रोजंदारीवरचा माणूस, टपरीवाला, कॉलेजचं पोर आणि त्याची आई या चौघांना त्याची झळ किंवा फायदा वेगवेगळा आहे.

२. एका नियमाबद्दल चार प्रश्न, आणि क्रम मोडायचा नाही

पहिला प्रश्न माहितीचा: ‘तुमच्या माहितीप्रमाणे आपल्या राज्यात दुकानदाराला सुटी सिगारेट विकता येते, की त्याला बंदी आहे?’ इथे नियम सांगून टाकायचा नाही. एकदा सांगितलात की लोकांना तो आधी ठाऊक होता का, हे पुन्हा कधीच कळणार नाही.

दुसरा अनुभवाचा: ‘गेल्या ३० दिवसांत तुम्ही कुणाला सुटी सिगारेट विकत घेताना पाहिलंत का?’ मुदत ठरलेली हवी. ‘हल्ली’ किंवा ‘नेहमी’ या शब्दांना प्रत्येकाची मापं वेगळी असतात.

तिसरा मताचा. आता नियम साध्या भाषेत सांगा: ‘आपल्या राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पूर्ण पाकीटच विकता येतं. हा नियम तुम्हाला कितपत मान्य आहे?’ पर्याय: पूर्ण मान्य, बऱ्यापैकी मान्य, फारसा मान्य नाही, अजिबात मान्य नाही. पाचवा पर्याय ‘सांगता येत नाही’ हा कागदावर असू द्या, पण मुलाखतकाराने तो वाचून दाखवू नये. समोरच्याने आपणहून म्हटलं तरच खूण करावी.

चौथा प्रश्न मताची पकड तपासणारा असतो, आणि नवखे लोक हमखास तोच गाळतात. निम्म्या लोकांना म्हणा, ‘या नियमामुळे ज्याला एकच सिगारेट हवी त्यालाही अख्खं पाकीट घ्यावं लागतं. हे लक्षात घेतलं तर तुमचं मत काय?’ उरलेल्या निम्म्यांना म्हणा, ‘या नियमामुळे मुलांना खिशातल्या सुट्या पैशांत सिगारेट घेणं अवघड जातं. हे लक्षात घेतलं तर तुमचं मत काय?’ कुणाला कोणता मजकूर जाईल हे आधी चिठ्ठी टाकून ठरलेलं हवं, मुलाखतकाराच्या मर्जीवर नको. मोबाइलवर प्रश्नावली भरत असाल तर कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके यांसारखी पाहणीची ॲप ही वाटणी आपोआप करून देतात. दोन गटांच्या उत्तरांत मोठा फरक पडला तर समजावं की मत अजून घट्ट झालेलं नाही. त्या विषयावर आधी लोकांशी बोलायला हवं. फरक पडला नाही तर तेही तितकंच मोलाचं.

३. शब्द

वाईट प्रश्न कसा असतो ते पाहा: ‘तंबाखूमुळे लाखो लोकांचा बळी जातो, तेव्हा तरुण पिढीला वाचवण्यासाठी शाळेजवळची विक्री कडकपणे बंद व्हावी असं तुम्हाला वाटत नाही का?’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस मुलांचा वैरीच ठरतो. तळमळीने काम करणाऱ्या संस्थाच असे प्रश्न जास्त लिहितात, हे मी वारंवार पाहिलं आहे. तळमळ कामात असावी. प्रश्नात आली की तिने उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं.

एका प्रश्नात दोन गोष्टी घालू नका. ‘विडी, सिगारेट आणि गुटख्यावर कर वाढवावा का?’ याला काय उत्तर देणार तो, ज्याला सिगारेटवर वाढलेला चालेल पण विडीवर नको? विडी हा गरिबाचा माल आहे आणि सिन्नर, संगमनेर, सोलापूर, निपाणी अशा ठिकाणी घराघरांत विड्या वळल्या जातात. तिथे या दोन पदार्थांबद्दलचं मत वेगळं असणारच.

‘धोरण’, ‘अंमलबजावणी’, ‘निर्बंध’, ‘सार्वजनिक स्थळ’ हे शब्द कागदावर शोभतात, ओट्यावर नाही. ‘सरकारने केलेला नियम’, ‘नियम पाळला जातो का’, ‘एसटी स्टँड, दवाखाना, हॉटेल, कचेरी’ असं म्हणा. १०० यार्ड म्हटलं तर कुणालाच अंदाज येत नाही. ‘सुमारे ९० मीटर’ सांगा, आणि गावात असाल तर शाळेच्या फाटकापासून तेवढं अंतर कुठवर जातं ते आधी चालून बघा. मग ‘त्या पिंपळापर्यंत’ असं सांगता येतं. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, मेळघाटात कोरकू, खानदेशात अहिराणी बोलणारी घरं लागतील. तिथे मुलाखतकाराने ऐनवेळी मनाने भाषांतर करू नये. आधी भाषांतर लिहून घ्या, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते उलट मराठीत करून घ्या. दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवले की अर्थ कुठे घसरला ते लगेच दिसतं.

मत दोन टोकांचं असेल तिथे दोन्ही बाजूंना बोलतं करा: ‘काही लोक म्हणतात, शाळेजवळच्या टपऱ्या हलवल्याच पाहिजेत. काही म्हणतात, त्या टपरीवर त्या माणसाचं पोट आहे, त्याला दुसरा माल विकायला लावावा पण टपरी हलवू नये. तुम्हाला यातलं कोणतं म्हणणं जास्त पटतं?’ निम्म्या मुलाखतींत वाक्यांचा क्रम उलटा ठेवा. यात एक लपलेला फायदा आहे. ‘काही लोक म्हणतात’ ऐकलं की विरोधी मत असणाऱ्याला आपण एकटे नाही हे कळतं आणि तो मोकळा होतो.

सगळे प्रश्न स्वतः लिहिण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गॅट्समधून निवडलेले २२ प्रश्न एका छोट्या पुस्तिकेत दिले आहेत, वापराबद्दलचे आणि धोरणाबद्दलचे काही प्रश्न त्यातून घ्या. तुमचे आकडे मग मोठ्या पाहणीच्या शेजारी ठेवता येतात. प्रश्नावली तयार झाली की निवडलेल्या गावांपैकी नसलेल्या एखाद्या वस्तीत ती वीसेक लोकांवर वापरून पाहा आणि प्रत्येकाला विचारा, ‘मी हे विचारलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं, मी काय विचारतोय?’ इथे जे कळतं ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

४. वापरणारा कोण, हे नीट विचारा

मतांची विभागणी वापरणारे आणि न वापरणारे अशी करावीच लागते, म्हणून वापर अचूक कळायला हवा. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणारी आजी सरळ ‘नाही’ म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसेल. तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू. विदर्भातला खर्रा खाणारा ‘मी सुपारी खातो’ म्हणेल. म्हणून नावं घेऊन एकेक विचारा: चुना लावून मळलेला तंबाखू, मशेरी, गुटखा, मावा, खर्रा, तंबाखूचं पान, तपकीर, विडी, सिगारेट. आपल्या भागात आणखी काय चालतं ते टपरीवर उभं राहून आधी टिपून घ्या. प्रत्येकासाठी ‘रोज’, ‘कधीकधी’, ‘पूर्वी, आता नाही’, ‘कधीच नाही’ एवढे पर्याय पुरेत.

हा भाग प्रश्नावलीत मतांच्या नंतर ठेवा. आधी वापराची कबुली घेतली की पुढे माणूस एक तर स्वतःचं समर्थन करतो, नाही तर प्रायश्चित्त घेतल्यासारखा सगळ्या बंद्यांना मान डोलावतो.

५. कुणाला विचारायचं

व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवून आलेली उत्तरं ही तुमच्या ओळखीच्यांची मतं असतात, तालुक्याची नव्हे. ती हजारोंनी आली तरी हा दोष जात नाही.

तालुक्यासाठी चालणारी पद्धत अशी. सगळ्या गावांची आणि शहरातल्या प्रभागांची लोकसंख्येसह यादी करा. २०११ च्या जनगणनेची यादी आधाराला घेता येते. लोकसंख्येची चढती बेरीज मांडा, शेवटची एकूण बेरीज ३० ने भागा, येणाऱ्या उत्तराच्या आतला पहिला आकडा चिठ्ठीने काढा आणि पुढे तेवढ्या तेवढ्या अंतराने ३० जागा निवडा. अशाने मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी त्याच्या आकाराप्रमाणे मिळते. प्रत्येक ठिकाणी २० घरं: घरांची यादी किंवा हाती काढलेला नकाशा, पहिलं घर चिठ्ठीने, पुढची ठरावीक अंतराने. वाड्या, तांडे, वीटभट्ट्या, गावकुसाबाहेरची वस्ती नकाशात आलीच पाहिजे. मुलाखतकार दमला की पक्क्या रस्त्यावरचीच घरं घेतो.

घरात कुणाशी बोलायचं हे दार उघडणाऱ्यावर सोडू नका. घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची नावं लिहा आणि तिथेच चिठ्ठी काढा. ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला तो निवडा, अशीही एक रीत आहे, पण आपल्याकडे बऱ्याच वडीलधाऱ्यांची जन्मतारीख कागदावरच १ जून असते, तेव्हा चिठ्ठीच बरी. निवडलेला माणूस कामावर असेल तर संध्याकाळी पुन्हा जा, रविवारी जा. त्याच्या जागी त्याच्या बायकोला विचारून मोकळं व्हायचं नाही. आणि महिना विचार करून ठरवा: दिवाळीनंतर बीड किंवा पाथर्डीकडे गेलात तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पाहणीतून गळतील, उन्हाळ्यात गोंदिया-गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या हंगामात सकाळी घरात कुणी नसतं.

३० ठिकाणी २० घरं म्हणजे ६०० माणसं. हा आकडा कुठून आला? मत पन्नास-पन्नास विभागलं आहे असं धरून ५ टक्के इकडेतिकडे आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३८४ माणसं लागतात. पण एका गावातली माणसं एकमेकांसारखा विचार करतात, म्हणून त्याला दीडने गुणायचं: ५७६. थोडी भर घालून ६००.

आता इथेच एक अडचण उभी राहते आणि ती आधी ओळखली नाही तर शेवटी फार जड जाते. गॅट्सच्या दुसऱ्या फेरीनुसार महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ २६.६ टक्के आहेत; धूम्रपान करणारे मात्र फक्त ३.८ टक्के, तर खायचा-लावायचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमच्या ६०० जणांत विडी-सिगारेट ओढणारे २३ च्या आसपास सापडतील. २३ जणांच्या उत्तरांवरून ‘धूम्रपान करणाऱ्यांचं मत’ टक्क्यांत सांगणं चूक आहे. सुट्या सिगारेटीचा नियम तर त्यांच्यासाठीच आहे! उपाय एकच: त्यांचा वेगळा नमुना घ्यायचा. घरांची यादी करतानाच कोण काय वापरतं ते विचारायचं आणि ओढणाऱ्यांतून जास्तीचे लोक चिठ्ठीने निवडायचे. नवी मुंबईच्या हीलिस-सेखसारिया संस्थेने महाराष्ट्रासह चार राज्यांत केलेल्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण पाहणीतही वापरणाऱ्यांचा आणि न वापरणाऱ्यांचा नमुना असाच वेगळा घेतला होता. टपरीवाले आणि विडी कामगार यांच्यासाठीही वेगळी, छोटी पाहणी करा. घरोघरीच्या नमुन्यात ते पुरेसे मिळणार नाहीत.

६. मुलाखत

त्याच गावची आशाताई, शाळेतले गुरुजी किंवा सरपंचांचा मुलगा मुलाखतकार नको. ते कितीही चांगले असले तरी त्यांच्यापुढे लोक शहाण्यासारखं उत्तर देतात. अंगावर व्यसनमुक्तीचा बिल्ला, टोपी, हातात पत्रक काही नको. ‘आम्ही तंबाखूबंदीसाठी आलोय’ अशी ओळख करून देऊ नका. ‘तंबाखूबद्दलच्या सरकारी नियमांविषयी लोकांना काय वाटतं ते समजून घेतोय, बरोबर-चूक असं काही नाही’ एवढं खरं आणि पुरेसं आहे. बायकांशी बायकांनीच बोलावं. सासूसमोर सून मशेरीचं नाव काढणार नाही, म्हणून जरा बाजूला बसून बोलता येईल का ते विचारा, आणि कुणी जवळ होतं का याची नोंद प्रत्येक फॉर्मवर ठेवा. उत्तर ऐकून ‘वा, छान!’ म्हणू नका, भुवयाही उंचावू नका. हे सरावाने जमतं, त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि एकमेकांच्या मुलाखती घेण्याचा सराव हवाच.

सुरुवातीला संमती घ्या: कोण आहात, पैसा कुणाचा, किती वेळ लागेल, मधेच थांबता येईल. बंदी असलेला माल कुठे मिळतो हे विचाराल, पण दुकानदाराचं नाव लिहून घेऊ नका. लोकांचा विश्वास तिथेच तुटतो आणि कुणीतरी अडचणीत येतो. १८ वर्षांखालच्यांना विचारायचं असेल तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात, आणि संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची मंजुरीही. तंबाखू कंपनीचा किंवा तिच्याशी जोडलेल्या संस्थेचा पैसा घेऊ नका.

मुलाखत पूर्ण संपल्यावर, त्याआधी नाही, तंबाखू सोडायची इच्छा असणाऱ्याला मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-११-२३५६ लिहून द्या. पाकिटांवरही तो छापलेला असतो, पण बारीक अक्षर सगळ्यांना वाचता येत नाही.

७. मोजणी

समजा, ६०० पैकी ३९० बायका आणि २१० पुरुष भेटले. दिवसा घरी बायकाच जास्त असतात. समजा, नियम ९० टक्के बायकांना आणि ६० टक्के पुरुषांना मान्य आहे. सरळ बेरीज केली तर ७९.५ टक्के येतात. तालुक्यात स्त्री-पुरुष साधारण निम्मे-निम्मे धरून भार दिला, म्हणजे दोन्ही गटांच्या मताला सारखं वजन दिलं, तर ७५. साडेचार टक्क्यांचा हा फरक निव्वळ कोण घरी सापडलं यामुळे पडला. वय आणि शहर-गाव यांचाही भार द्या. शिवाय पाच प्रौढांच्या घरातून एकच माणूस निवडला गेला तर त्याला निवडलं जाण्याची संधी पाचात एक होती. एकट्या राहणाऱ्याची पूर्ण होती. तोही हिशेब भारात धरावा लागतो. इथे संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना दोन तास सोबत घ्या, लाजू नका.

‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांना गाळून टक्के काढू नका. ते १५ टक्के असतील तर तसं लिहा. ‘पूर्ण मान्य’ आणि ‘बऱ्यापैकी मान्य’ एकत्र करून एकच मोठा आकडा दाखवायचा असेल तर शेजारी दोन्ही सुटे आकडेही द्या. आणि वापरणारे व न वापरणारे यांची मतं वेगवेगळ्या ओळींत मांडा. अधिकाऱ्यांना सगळ्यांत जास्त कामाची तीच ओळ असते, कारण वापरणाऱ्यांनाही मान्य असलेला नियम राबवायला सोपा जातो, आणि त्यांना अमान्य असलेला नियम राबवायचा तर आधी तंबाखू सोडायला मदत करणारी केंद्रं उभी करावी लागतात.

८. निकाल लोकांपुढे

अहवालात प्रत्येक प्रश्न शब्दशः छापा. कधी विचारलं, कुठे, किती घरं गाठली, किती जणांनी नकार दिला, पैसा कुणी दिला हे पहिल्याच पानावर. विरोधाची कारणं लोकांच्या शब्दांत द्या, नावं न देता.

जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला प्रत द्या, पण निवडलेल्या गावांतही परत जा आणि ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत तालुक्याचे एकत्रित आकडे सांगा. एका गावचे २० जणांचे आकडे मात्र वेगळे सांगू नका: ते संख्येने अपुरे असतात, आणि कोण काय म्हणालं याचा अंदाज गावाला लगेच येतो. प्रश्नावली, घरं निवडल्याची नोंद आणि नावं काढून टाकलेली उत्तरं जपून ठेवा. दोन-तीन वर्षांनी नियम बदलला किंवा दंड वाढला की तीच वाक्यं, त्याच क्रमाने, त्याच महिन्यांत पुन्हा विचारता येतील.